गुरुवारची शाळा आणि माझी चार एकर

असुबोनी, ओढ्याकाठचं शेत
गुरुवार (दुसरा कुठला वार असणार!)

ओडुमासेच्या दरबारात आपल्या राजाच्या, नानांच्या शेजारी सोनेरी मुठीची काठी धरून उभा राहणारा, नानांनी एक शब्द बोलावा आणि याने लोकांना त्याचे वीस करून सांगावेत असा, माझ्यामागून सात वर्षांनी आणि माझ्या दुप्पट आवाजाने जन्मलेला माझा भाऊ ओपानिन अम्पोन्सा याला थोरली बहीण याआ तिवा हिचे पोटभर आशीर्वाद. तू आता मोठा माणूस झालास म्हणून वरून चिमूटभर नमस्कारही. जास्त मागू नकोस, तुझं नाक मी पुसलेलं आहे.

तुझी कंबर कशी आहे? तू दरबारात काठी धरून उभा असतोस की काठीवर टेकून, हे अजून नानांच्या लक्षात आलेलं नाही ना? वहिनीचा खोकला गेला का? नसेल तर तिला सांग, तुझ्याशी भांडणं जरा कमी कर, आपोआप जाईल. मी बरी आहे, म्हणजे गुडघ्यांच्या वरची मी बरी आहे. गुडघ्यांनी माझ्याशी असहकार पुकारलाय. फोन केला असता, पण फोनवर तू दरबारात बोलल्यासारखा बोलतोस. तिकडून तू ओरडतोस, इकडे माझ्या अंगणात बसलेले चौघे तुला उत्तरं देतात. म्हणून पत्र. मला अक्षर येत नाही, तेव्हा हे पत्र मास्तर अकोल्गो लिहितो आहे. हाच तो मास्तर, ज्याच्यापायी माझं डोकं उठलंय. त्याची तक्रार त्याच्याच हाताने लिहून घ्यावी लागते आहे, कारण या वेळी गावात लिहिता येणारा आणि रिकामा असा तोच एक आहे. (लिही, लिही. थांबलास कशाला? वर 'डोकं उठलंय' असंच लिहिलंस ना? वाचून दाखव.)

तुला आठवत असेल, अडीच वर्षांपूर्वी तू इथे आलास, माझं फुफू तीनदा मागून घेतलंस, आणि हात धुताना म्हणालास, "अक्का, आता शेत अर्धेलीने देऊन टाक. तुझ्याच्याने होत नाही." मला राग आला तो तू म्हणालास म्हणून नव्हे. खरं होतं म्हणून. माझ्या नवऱ्याने साक्षीदारांसमोर दारूची बाटली फोडून मला दिलेली ही चार एकर, आणि झाडांवर बांडगुळं अशी बसली होती, जशी तुझ्या सासरची माणसं तुझ्या घरात. फळं झाडावरच काळी पडत होती. एक पोरगा तेमाच्या बंदरात, दुसरा ट्रक चालवतो, आणि मजूर मिळाला तर तो जेवायला आधी आणि कामाला मग येतो. त्या वर्षी कोकोची सात पोती झाली. सात! पण अर्धेलीने दिलं, की उद्या तो अर्धेलीवाला माझ्याच झाडाखाली बसून मला विचारणार, "आजी, कुणाकडे आलात?" म्हणून मी तुला नाही म्हटलं, आणि तू रुसून उरलेलं पाम तेल घेऊन गेलास.

पुढच्याच महिन्यात पांढरी गाडी आली. गाडीतून चार साहेब, एक फळा आणि हा मास्तर उतरले. कोको पिकवणाऱ्यांना शिकवायचं, त्यांचं उत्पन्न वाढवायचं, असं ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं विचारलं तर साहेबाने आभाळाकडे हात केला. आम्ही एक्केचाळीस जणांनी अंगठे दिले. प्रत्येकाला एक सदरा मिळाला. सगळे सदरे एकाच मापाचे, आणि ते माप आपल्या गावातल्या कुणाचंच नव्हे. शेजारची अमा पोमा तो घालून आली तेव्हा मला वाटलं आत दोघी आहेत. मग साहेबाने विचारलं, वर्ग कुठल्या वारी घ्यावा? कुणीतरी म्हणालं, गुरुवारी सगळे रिकामे असतात. खरंच होतं ते. गुरुवार जमिनीचा, त्या दिवशी कुणी शेतावर कामाला जात नाही. कोण म्हणालं ते आता आठवत नाही. (नाही मास्तर, मला खरंच आठवत नाही. पुढे लिही.)

तर शाळा सुरू झाली. माझं शेत रस्त्याला लागून आणि तिथे बसायला एक आडवं खोड, म्हणून वर्ग माझ्याच शेतात. पहिल्या गुरुवारी मास्तरने मोठ्या कागदावर कोकोचं झाड काढलं. आमच्या पाठीमागे खरी झाडं उभी होती, आम्ही कागदाकडे बघत होतो. "याला खोड म्हणतात," मास्तर म्हणाला. अरे, हा पोर कुठला, तर उत्तरेचा, बोंगोचा. तिकडे बाजरी पिकते, कोकोचं एक झाड नाही. कॉलेजात जाईपर्यंत याने कोको फक्त कागदात गुंडाळलेला पाहिलेला. आणि मी? आईने मला पाठीवर बांधून फळं फोडली आहेत. (तोंड पाडू नकोस. लिही, की मास्तर मनाने चांगला आहे. आता पुढे.)

फांद्या छाटा. बांडगूळ काढा. काळी फळं झाडावर ठेवू नका. तण काढा. सावलीची झाडं लावा. बी केळीच्या पानांखाली सहा दिवस आंबवा, मधे दोनदा उलटा. दोन तास ऐकून घेतल्यावर मी हात वर केला. म्हटलं, "मास्तर, हे सगळं आम्हाला ठाऊक आहे. करणार कोण, तेवढं सांगा." सगळे हसले. मास्तरने ते वहीत लिहून घेतलं आणि आईला हाक मारावी तसं म्हणाला, "एनो, फार चांगला प्रश्न आहे." अडीच वर्षं झाली, तो प्रश्न अजून वहीतच आहे.

दुसऱ्या गुरुवारी प्रात्यक्षिक होतं. मास्तरने एक्केचाळीस नव्या करवती मांडल्या आणि म्हणाला, घ्या. कुणी हललं नाही. पुन्हा म्हणाला, घ्या. अमा पोमा म्हणाली, "मास्तर, आज गुरुवार." तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "मग?" तो म्हणाला, "मग काय?" असं बराच वेळ चाललं. शेवटी म्हाताऱ्या द्वोमोने त्याला समजावलं, की आज आमच्या हाताने शेतात काम झालं तर जमीन आमचं तोंड बघणार नाही. मास्तर रडकुंडीला आला. त्याला त्या दिवशीचे फोटो साहेबांना पाठवायचे होते. तेव्हा जाणती माणसं केळीच्या झाडांमागे विचाराला बसली. फांदी म्हणजे जमीन नव्हे, हे पटकन ठरलं. अडलं ते पुढे. आपण हत्यार धरायचं नाही, पण मास्तरने धरलं तर? मास्तर तर शिकवतोय. शिकवणं म्हणजे काम का? सगळे वळून मास्तरकडे बघू लागले. तो घाम पुसत आपलेच कागद वाऱ्यावरून गोळा करत होता. चांगलं न्याहाळून झाल्यावर एकमत झालं, की शिकवणं हे काम नव्हे.

(लेखनिकाची नोंद: हा निर्णय माझ्या उपस्थितीत झालेला नाही.)

मग काय! मास्तर झाडावर, आम्ही खाली. एक्केचाळीस जणांनी पानं अंथरली, शेंगदाणे काढले आणि शिकायला सुरुवात केली. इतकं मन लावून शिकताना मी आपल्या माणसांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"मास्तर, डावीकडची राहिली!"

"मास्तर, परत दाखवा, मागच्यांना दिसलं नाही!"

"मास्तर, ती जाड फांदी तोडायची नाही का?"

"कुठली?"

"तीच हो, जिच्यावर तुम्ही उभे आहात!"

एका गुरुवारी छाटणी, एका गुरुवारी बांडगूळ, एका गुरुवारी काळी फळं. एकदा तर चिमटा घेऊन आला, आणि दिवसभर एका फुलाची धूळ दुसऱ्या फुलाला लावत, फुलांची लग्नं लावत बसला. द्वोमो म्हणाला, "स्वतःचं अजून झालं नाही, आणि हा दुसऱ्यांची लावतोय." तोडलेली फांदी जमिनीवर आपटलेली चालणार नाही, असंही मधेच कुणीतरी काढलं, तेव्हापासून तो एकेक फांदी तान्ह्या मुलासारखी हातात घेऊन खाली उतरवतो.

मेंढीचं प्रकरण तुझ्या कानावर आलंच असेल, पण दरबारात ते चुकीचं पोचलं असणार. सावलीची झाडं लावायचा गुरुवार होता. आम्ही शेंगदाण्यांत गुंतलो होतो, आणि मास्तरने शिकवण्याच्या भरात कुदळ उचलली आणि घातली जमिनीत! बायकांनी डोक्यावर हात मारले. द्वोमोच्या घशात शेंगदाणा अडकला. झाडाचं ठीक होतं, पण हे लोखंड, आणि तेही गुरुवारी जमिनीच्या अंगावर! दंड ठरला, एक मेंढी आणि दोन बाटल्या. मास्तर म्हणाला, माझ्या कागदांत मेंढी बसत नाही. द्वोमो म्हणाला, आमच्या जमिनीत कुदळ बसत नव्हती, तरी तुम्ही बसवलीत. शेवटी मेंढी आली. कचेरीत ती 'शिक्षणसाहित्य' म्हणून लिहिली गेली असं कळतं. मटण वातड होतं, पण मास्तरने दोनदा वाढून घेतलं. बाकीचे खड्डे तो शुक्रवारी एकटाच येऊन खणून गेला, आमच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून.

(लेखनिकाची नोंद: एकदाच वाढून घेतले. दुसरी वेळ एनोंनीच वाढली.)

तू म्हणशील, मग शिकून गावाला काय मिळालं? सांगते. अमा पोमाने काळी फळं वेळेवर काढायला सुरुवात केली, ते ती बसल्या बसल्या करू शकते, तिचं एक पोतं वाढलं. द्वोमोने आपल्या झाडावर चढून बघितलं, तो आठ दिवस अंथरुणात होता. बाकीचे शुक्रवारी आपापल्या शेतावर गेले, झाडांकडे बघितलं, कुठली फांदी तोडायला हवी ते आता त्यांना बरोबर कळत होतं, आणि मग ते कसावा खणायला निघून गेले. कारण पोरं शहरात आहेत आणि हात दोनच आहेत. शाळेने डोक्यांची सोय केली, हातांची कोण करणार? आमच्यात फळं फोडायला सगळे एकमेकांकडे जातात, तो एक दिवस असतो, गाणी होतात, जेवण होतं. पण झाडावर चढायला कोण कुणाकडे जातो?

एका माझ्या शेतात मात्र बारा पोती झाली. सातांची बारा!

इथून पुढे माझ्या खऱ्या हालांना सुरुवात झाली. एक बाई आली, हातात ती उजेड पडणारी पाटी. तिने मला एकशे बारा प्रश्न विचारले. घराला पत्रा आहे का, कोंबड्या किती, नवरा आहे का, नसेल तर का नाही. शेवटी विचारलं, "शाळेच्या आधी किती पोती?" सात. "आता?" बारा. "हे कशामुळे झालं?" मी म्हटलं, "मास्तरमुळे." तिने लिहिलं, शिक्षणामुळे. मी कशाला दुरुस्त करू? मला वाचता थोडंच येतं!

त्या दिवसापासून मी आदर्श शेतकरी आहे. शेताच्या तोंडाशी माझ्या फोटोची पाटी लावली आहे, बकऱ्या बिचकतात. महिन्यातून दोनदा पाहुणे येतात, माझ्या हातांचे फोटो काढतात, फुलं तुडवतात आणि विचारतात, "आजी, तुम्ही नेमकं काय करता?" मी खरं ते सांगते. म्हणते, "बसते." ते टाळ्या वाजवतात. दुभाष्या काय सांगतो देव जाणे. मला उन्हात झाडाला हात लावून हसत उभं राहावं लागतं, आणि माझे गुडघे मेले हसत नाहीत.

आणि आता ताजी बातमी. कुमासीच्या मोठ्या साहेबाने सगळे फोटो टेबलावर मांडले, आणि त्याच्या लक्षात आलं, की अडीच वर्षांच्या फोटोंत करवत एकाच माणसाच्या हातात आहे. बाकी सगळे शेंगदाणे खात आहेत. झालं! हुकूम निघाला. पुढच्या महिन्यापासून वर्ग मंगळवारी. प्रत्येकाने आपल्या हाताने छाटणी करायची, आणि ती कुठे, तर आदर्श शेतात. आपल्या गावचे एक्केचाळीस झाले, की मग शेजारच्या सहा गावांचे. ऐन फळं पिवळी पडायच्या दिवसांत. ज्यांना उद्याच्या कालवणाची भेंडी नीट चिरता येत नाही, ते माझ्या झाडांवर हात साफ करणार. पण मला काय! मंगळवार तर मंगळवार. मी म्हातारी बाई, मोठ्या लोकांच्या ठरवण्यात तोंड घालणारी नव्हे. (हे नीट लिही, मास्तर. 'तोंड घालणारी नव्हे'. लिहिलंस?)

वहिनीला विचारलंय सांग, नानांच्या पायाशी माझा नमस्कार घाल, आणि काठीवर टेकू नकोस.

तुझी थोरली बहीण
याआ तिवा
(अंगठा; कडेचा डाग पाम तेलाचा आहे, तो दुसरा अंगठा समजू नये)

ता. क. गुडघ्याला लावायचं ते हिरव्या डबीतलं मलम कुणाबरोबर तरी पाठव. मोठी डबी. मागच्या वेळी तू पाठवलीस ती वहिनीने आधी अर्धी वापरलेली होती.

ता. क. दुसरा. आता अक्षर बदललेलं दिसेल. मास्तर ओढ्यावर आंघोळीला गेलाय, आणि हे चर्चमधल्या उपदेशकाची बायको सेरवा लिहिते आहे. तिने बायबलावर हात ठेवून सांगितलंय, की ती लिहिते पण ऐकत नाही. आता कामाचं ऐक. गुरुवार मी सुचवला होता. तू काय समजलास, मला आठवत नाही? मी स्वतः गुरुवारची जन्मलेली, माझ्या वाराला काय चालतं आणि काय नाही हे मला कळणार नाही तर कुणाला? केळीमागे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कानात 'शिकवणं हे काम नव्हे' हेही मीच घातलं. त्या पोराच्या दोन हातांवर माझी चार एकर उभी आहेत, अम्पोन्सा. मंगळवारी ती माणसं करवती घेऊन झाडांत शिरली, तर पुढच्या वर्षी पुन्हा सात पोती, आणि मग तू येशील, फुफू खाशील आणि हात धुताना तेच म्हणशील. आणि या वेळी मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून सांगते. माझ्या शेताला लागून आपला ओढा आहे. त्या ओढ्याचा वार मंगळवार, असं आपली आजी म्हणायची. म्हणायची की नाही हे तू विसरलायस, मीही विसरलेय, तेव्हा म्हणायचीच. नानांना सांग, ओढा रागावलाय, आणि असुबोनीत गुरुवारसारखाच मंगळवारही पाळायची दवंडी पिटवा. नानांनी एक शब्द बोलावा, बाकीचे एकोणीस तू घाल. काम झालं की तू मागच्या खेपेला डोळा ठेवलेला तो लाल कोंबडा तुझा. हे पत्र टपालात मास्तरच टाकणार आहे, मोटारसायकल त्याच्याकडेच आहे ना! म्हणून पाकीट कसाव्याच्या खळीने पक्कं चिकटवून घेते.

ता. क. तिसरा. ओपानिन अम्पोन्सा यांस अकोल्गो याचा सविनय नमस्कार. खळ ओली होती. मी वाचायला नको होते, पण माझे नाव दिसले. एनोंना कळवू नये, ही विनंती. गुरुवार कोणी सुचवला, ते माझ्या हजेरीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहे. कारण शेतावर कोणी काम करणार नाही असा वार एका आजींनी इतक्या उत्साहाने सुचवावा, याचे मला तेव्हाच नवल वाटले होते. माझी आई बोंगोला बाजरी लावते. तिचेही गुडघे असेच आहेत, आणि तिच्या शेतात शाळा भरत नाही.

एनोंच्या बेतात फक्त एक खोट राहिली आहे. मंगळवारी शेतात कोणीच काम करू नये अशी दवंडी झाली, तर त्यात मीही आलो. ओपानिन शब्दांचे जाणकार आहेत, म्हणून सुचवतो: 'शिकवणे हे काम नव्हे' हे दवंडीत स्पष्ट घालावे. कचेरीला मी कळवीन, की लोकांची शिकण्याची हौस कायम आहे. पूर्वेकडच्या ओळीत बांडगूळ पुन्हा आले आहे, आणि मंगळवारी मला दुसरे काम नाही.